‘उलट’ म्हणताना नेमकं काय उलटतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: परभणीत एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहात, आंतरविद्याशाखीय सेमिनारसाठी ‘विविध ज्ञानशाखांतील व्युत्क्रम आणि विपर्यय’ हा विषय मिळालाय. गणितात व्यस्त, भूमितीत व्यत्यास, भूगोलात तापमानाची विपरीतता, भाषेत वर्णविपर्यय, जीवशास्त्रात इन्व्हर्जन आणि घरात जिन्याखाली इन्व्हर्टर. या सगळ्यांना एकच व्याख्या कशी लावायची?

लावू नका. अशी व्याख्या शोधत बसलात की शेवटी ‘एखादी गोष्ट उलटी होणे म्हणजे व्युत्क्रम’ असलं काहीतरी हाती लागतं, आणि त्यातून कुठलंच उदाहरण समजत नाही. खरी अडचण व्याख्येची नाहीच. ‘उलट’ या एका शब्दाकडून आपण तीन वेगळी कामं करून घेतो आणि ती एकमेकांत मिसळली की घोळ होतो. पहिलं काम, केलेलं निस्तरून मूळ स्थितीला जाणं. याला मी ‘पूर्ववत’ म्हणतो. दुसरं, क्रम किंवा दिशा फिरवणं, हा ‘पालट’. तिसरं, नेहमी जे आढळतं त्याच्या विरुद्ध आढळणं, ते ‘विपरीत’. ही नावं माझ्या सोयीची आहेत, पाठ्यपुस्तकातली नाहीत.

कोणतंही उदाहरण आलं की त्याला चार प्रश्न विचारायचे. काय उलटलं? कशाच्या तुलनेत? काय जसंच्या तसं राहिलं? आणि तीच क्रिया पुन्हा केली तर मूळ जागी येतो का? सेमिनारमध्ये कोणती उदाहरणं घ्यायची हे तुमचा विभाग कोणता आणि समोर कोण बसणार यावर ठरेल. मराठी विभागात मॅट्रिक्स आणि गणित विभागात भारूड दोन्ही फसू शकतात. पण चार प्रश्न बदलत नाहीत.

पूर्ववतपासून सुरू करू, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. बोअरमध्ये मोटार सोडताना आधी मोटार, मग पहिला पाइप, मग दुसरा. वर काढताना शेवटचा पाइप आधी सुटतो आणि मोटार सगळ्यात शेवटी हाती येते. म्हणजे पूर्ववत करायचं तर दोन गोष्टी लागतात: प्रत्येक पायरीची विरुद्ध क्रिया आणि पायऱ्यांचा उलटा क्रम. विद्यार्थी पहिली गोष्ट करतात, दुसरी विसरतात. मॅट्रिक्सच्या (आडव्या-उभ्या ओळींत मांडलेल्या संख्यांच्या तक्त्यांच्या) गुणाकाराचा व्यस्त काढताना नेमकं हेच चुकतं. आधी अ आणि मग ब केलं असेल, तर परतताना आधी ब निस्तरायचा, मग अ.

ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. आर्यभटांनी इ.स. ४९९ च्या ‘आर्यभटीय’ ग्रंथात, त्याच्या गणितपाद या भागातल्या एका श्लोकात ती सांगितली: गुणाकाराच्या जागी भागाकार, भागाकाराच्या जागी गुणाकार, मिळवलेलं वजा करायचं, वजा केलेलं मिळवायचं. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) हीच व्यस्तविधी आहे आणि तिथलं एक गणित तुम्ही फळ्यावर सोडवून दाखवावं असं आहे. एका संख्येला ३ ने गुणलं, आलेल्यात त्याचाच तीन चतुर्थांश मिळवला, ७ ने भागलं, त्यातून त्याचाच एक तृतीयांश वजा केला, वर्ग केला, ५२ वजा केले, वर्गमूळ घेतलं, ८ मिळवले, १० ने भागलं, उत्तर २ आलं. मूळ संख्या कोणती? शेवटून निघा: २ गुणिले १० म्हणजे २०, वजा ८ म्हणजे १२, वर्ग १४४, अधिक ५२ म्हणजे १९६, वर्गमूळ १४. इथपर्यंत कोणीही येतो. पुढची पायरी मात्र घात करते. ‘एक तृतीयांश वजा केला’ याचं उलट ‘एक तृतीयांश मिळवा’ असं वाटतं, पण १४ मध्ये त्याचा निम्मा मिळवायचा असतो, कारण १४ हे आधीच्या संख्येचे दोन तृतीयांश उरलेत. आले २१. गुणिले ७ म्हणजे १४७. आता ‘तीन चतुर्थांश मिळवला’ याचं उलट तीन सप्तमांश वजा करणं. १४७ वजा ६३ म्हणजे ८४. भागिले ३, उत्तर २८. ग्रंथात यासाठी वेगळा नियमच दिलाय: स्वतःचाच अंश मिळवला असेल तर परतताना छेदात अंश मिळवून नवा छेद घ्यायचा, वजा केला असेल तर छेदातून अंश वजा करायचा. (भास्कराचार्यांच्या कुळाची माहिती देणारा शिलालेख कन्नडचा घाट उतरल्यावर चाळीसगावजवळच्या पाटणला आहे, मराठवाड्याच्या श्रोत्यांना हे सांगाच.)

श्रोते गणिताचे नसतील तर मोंढ्यातला हिशोब घ्या. समजा सोयाबीनचा भाव क्विंटलला ४,००० वरून २५ टक्क्यांनी वाढून ५,००० झाला आणि मग २५ टक्क्यांनी उतरला. पुन्हा ४,००० व्हायला हवा असं वाटतं, पण तो ३,७५० होतो. कारण दुसरे २५ टक्के मोठ्या रकमेवर मोजले गेले. पूर्ववत व्हायला २० टक्केच उतरावं लागतं. ‘कशाच्या तुलनेत’ हा दुसरा प्रश्न का विचारायचा, ते इथे दिसतं.

काही वेळा पूर्ववत होतच नाही. दळलेलं पीठ पुन्हा ज्वारी होत नाही, हे कुणाला सांगावं लागत नाही, पण वर्ग केल्यावर चिन्ह हरवतं हे सांगावं लागतं. ९ हा ३ चाही वर्ग आणि उणे ३ चाही. माहिती पुढे जाताना गळाली असेल तर परतीच्या वाटेवर ती सापडणार नाही.

त्याहून फसवा प्रकार म्हणजे परत जाता येतं, पण भरवसा ठेवता येत नाही. दोन समीकरणं घ्या: क्ष अधिक य बरोबर २, आणि क्ष अधिक १.०१ य बरोबर २.०१. उत्तर क्ष १, य १. आता दुसऱ्या समीकरणाच्या उजवीकडे २.०१ ऐवजी २.०२ लिहा. मोजमापात इतका फरक सहज पडतो. उत्तर होतं क्ष ०, य २. शंभराव्या भागाची चूक आत गेली आणि बाहेर अख्खं उत्तरच बदललं.

मराठवाड्यात या गोष्टीचा संबंध थेट बोअरशी येतो. भूजलासाठी विद्युत सर्वेक्षण करतात तेव्हा बाहेरच्या दोन खुंट्यांतून जमिनीत वीज सोडतात, आतल्या दोन खुंट्यांवर व्होल्टेज मोजतात आणि बाहेरच्या खुंट्या लांब लांब नेत खोलवरचा अंदाज घेतात. थर माहीत असतील तर वाचन काय येईल हे गणिताने सांगणं सोपं आहे. सर्वेक्षणात गरज असते उलटी: वाचनं हातात, थर शोधायचे. भूभौतिकीत यालाच इन्व्हर्जन म्हणतात. अडचण अशी की दोन कठीण पाषाणांच्या मध्ये पातळसर ओला मुरूम असेल, तर वरच्या वाचनांना त्याची जाडी आणि रोधकता (विजेला अडवण्याचा गुण, ओहम-मीटरमध्ये मोजतात) वेगवेगळी कळत नाही, जाडी भागिले रोधकता एवढंच कळतं. १० मीटर जाडीचा २० ओहम-मीटरचा थर आणि ५ मीटर जाडीचा १० ओहम-मीटरचा थर, दोन्हींचा भागाकार ०.५ आणि आलेख जवळजवळ एकसारखे. संगणकातला प्रोग्रॅम त्यातलं एक उत्तर देतो आणि शेजारी ‘चूक दीड टक्का’ असं छापतो. तो दीड टक्का आलेख जुळल्याचा असतो. थर खरे आहेत याची ती हमी नव्हे. यावर उपाय एकच, बाहेरून जास्तीची माहिती आणायची: जवळच्या विहिरीच्या कडेला दिसणारे थर, शेजारच्या बोअरला किती फुटांवर काय लागलं याची नोंद. ती जाडी पक्की धरून मगच रोधकता काढायची. सेमिनारमध्ये एकच उदाहरण सविस्तर द्यायचं असेल तर माझं मत याला. त्यात गणित आहे, भूगोल आहे आणि समोरच्या निम्म्या लोकांच्या शेतात बोअर आहे.

आता पालट. इथे काही निस्तरायचं नसतं, फक्त क्रम किंवा दिशा फिरते, आणि बहुतेक वेळा दोनदा फिरवलं की मूळ मिळतं. थ्री फेज मोटारीच्या तीन वायरी लाल, पिवळी, निळी या क्रमाने जोडल्यात आणि मोटार उलटी फिरतेय. मेन स्विच बंद करून कोणत्याही दोन वायरींची अदलाबदल करा, दिशा बदलते. पण तिन्ही वायरी एकेक जागा पुढे सरकवल्या, म्हणजे पिवळी, निळी, लाल केल्या, तर मोटार पूर्वीसारखीच फिरते. घाईत वायरमनकडूनही हे होतं: सगळ्या वायरी बदलल्या तरी फरक नाही म्हणून दोष मोटारीवर जातो. एकेक जागा सरकवणं म्हणजे दोन अदलाबदली, आणि दोन पालट एकमेकांना खातात. गणितात सम आणि विषम क्रमपर्याय (सम किंवा विषम अदलाबदलींनी मिळणारे क्रम) शिकवताना याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

याच मोटारीवर तर्कशास्त्रही समजावता येतं. पंप उलटा फिरला तरी पाणी बंद होत नाही, कमी येतं. म्हणून चूक लवकर लक्षात येत नाही. विधान घ्या: ‘मोटार उलटी फिरत असेल तर पाणी कमी येतं.’ याचा व्यत्यास: ‘पाणी कमी येत असेल तर मोटार उलटी फिरतेय.’ चूक, पाण्याची पातळी खाली गेली असेल, पाइप गळत असेल. दोन्ही भाग नाकारून: ‘मोटार सुलटी असेल तर पाणी कमी येत नाही.’ हेही चूक, त्याच कारणांनी. नाकारा आणि जागाही बदला: ‘पाणी कमी येत नसेल तर मोटार उलटी नाही.’ हे बरोबर. चार विधानांपैकी पहिलं आणि शेवटचं एकाच अर्थाचं, मधली दोन आपसात एकाच अर्थाची. पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास खरा ठरतो म्हणून दहावीपासून मुलांना वाटायला लागतं की व्यत्यास खराच असतो. तो वेगळा सिद्ध करावा लागतो, हे वाक्य स्लाइडवर मोठ्या अक्षरात टाका.

जीवशास्त्रातलं इन्व्हर्जन हा शुद्ध पालट आहे. जनुकशास्त्रज्ञ स्टर्टेव्हंट यांनी १९२१ मध्ये फळमाशीच्या दोन जातींची तुलना करून तो दाखवला. गुणसूत्राचा एक तुकडा दोन ठिकाणी तुटतो, अर्धा फेरा घेतो आणि तिथेच जुळतो. अ-ब-क-ड-इ-फ चं अ-ब-इ-ड-क-फ होतं. जनुकं सहसा हरवत नाहीत, म्हणून वाहक व्यक्ती बहुधा ठणठणीत असते. त्रास पुढच्या पिढीत येतो: बीजपेशी तयार होताना सरळ आणि पालटलेलं गुणसूत्र जोडी लावायला वेटोळं घालतात, त्या वेटोळ्यात अदलाबदल झाली तर काही भाग दुप्पट आणि काही गायब असलेल्या बीजपेशी तयार होतात. तोडीची जागा जनुकाच्या मधोमध आली तर मात्र थेट आजार होतो. तीव्र हिमोफिलिया-ए च्या (रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या) सुमारे ४५ टक्के रुग्णांमध्ये कारण असंच एक इन्व्हर्जन असतं. इथे संगणकावर काम करणारे नवखे एक ठरलेली चूक करतात. डीएनएचा तुकडा फिरला की वाचन दुसऱ्या धाग्यावरून होतं, त्यामुळे अक्षरं उलट्या क्रमाने लिहून भागत नाही, प्रत्येकाचं जोडीदार अक्षरही (ए चं टी, जी चं सी) घ्यावं लागतं. ए-ए-जी-सी चं सी-जी-ए-ए होत नाही, जी-सी-टी-टी होतं.

संगीताकडे जाताना ‘आरोह उलटा म्हणजे अवरोह’ असं म्हणू नका. भीमपलासच्या आरोहात रिषभ आणि धैवत वर्ज्य, अवरोहात सातही स्वर. आरोह मागून वाचला तर भीमपलासचा अवरोह मिळत नाही. पाश्चात्त्य संगीतात मागून वाचणं आणि स्वरांतरं वरची खाली करणं या दोन स्वतंत्र क्रिया आहेत, त्यांना नावंही वेगळी आहेत. भाषेतला वर्णविपर्यय तुमच्या गावात रोज ऐकू येतो: नुकसानचं नुसकान, रिक्षाची रिश्का, मतलबचं मतबल. इथे फक्त शेजारचे ध्वनी जागा बदलतात, अर्थ जागचा हलत नाही. तिसऱ्या प्रश्नाचं इतकं सोपं उत्तर दुसरीकडे मिळणार नाही.

विपरीत हा तिसरा गट. इथे ‘नेहमीचं काय’ हे आधी सांगितल्याशिवाय बोलताच येत नाही. साधारणपणे किलोमीटरभर वर गेलं की तापमान ६.५ अंश सेल्सिअसने उतरतं. हिवाळ्यात आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर रात्री जमीन भरभर थंड होते, लगतची हवा गार राहते आणि वरची उबदार. मग शेकोटीचा धूर वर न जाता गावावर आडवा पसरतो. अशा वेळी पहाटे फवारणी केली तर बारीक थेंब खाली बसत नाहीत, तरंगत शेजारच्या पिकावर जातात. ऊन चढून जमीन तापेपर्यंत थांबलेलं बरं. यात काही निस्तरलं जात नाही आणि कोणी काही फिरवलेलंही नाही. नेहमीचा उतार तेवढा चढ झालाय.

३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप ज्या हालचालीने झाला तिला भूशास्त्रात उलटा विभंग म्हणतात. ज्याला सामान्य विभंग म्हणतात त्यात तिरप्या भेगेच्या वरचा खडक खाली घसरतो, कवच ताणलं जातं. उलट्या विभंगात दोन्हीकडून दाब येऊन तोच खडक वर ढकलला जातो. आपल्या पायाखालचा बेसॉल्टही एका अर्थाने उलटाच आहे: सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा बराचसा लाव्हा गोठला तेव्हा पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आजच्या विरुद्ध दिशेचं होतं, आणि खडकात ती दिशा टिकून आहे. ‘उलट’ अर्थातच आजच्या होकायंत्राच्या तुलनेत.

समाजशास्त्रातली उदाहरणं या गटात टाकायची की पालटात, यावर वाद होऊ शकतो. बीड जिल्ह्यात केज तालुक्यातल्या विडा गावी धुळवडीला जावयाची गाढवावरून मिरवणूक निघते. एरवी पाट-पाणी घेऊन ज्याच्यापुढे सगळे उभे, त्याच्या गळ्यात त्या दिवशी चपलांचा हार. मिरवणूक संपली की त्याला कपड्यांचा आहेर होतो. मानाची जागा पालटते, नातं तसंच राहतं आणि मुदत ठरलेली असते. अशा प्रथांबद्दल मानववंशशास्त्रज्ञ मॅक्स ग्लकमन यांचं म्हणणं होतं की ठरवून दिलेली बंडखोरी व्यवस्था पक्कीच करते. मला ते अर्धवट पटतं. जावयाच्या बाबतीत ठीक, कारण दुसऱ्या दिवशी तो पुन्हा जावईच असतो. पण जिथे उलटापालट करणाऱ्यांना परत खाली जायचं नसतं तिथे हे स्पष्टीकरण तोकडं पडतं. म्हणून चौथा प्रश्न इथे असा विचारा: मूळ जागी परत जायला भाग कोण पाडतं?

एक उदाहरण मुद्दाम मागे ठेवलं, कारण ते तिन्ही खणांत बसत नाही. रसायनशास्त्रात साखरेच्या विघटनाला इन्व्हर्जन म्हणतात. उसाच्या साखरेचं द्रावण ध्रुवित प्रकाश (एकाच प्रतलात कंप पावणारा प्रकाश) उजवीकडे वळवतं, विशिष्ट वलन, म्हणजे ठरलेल्या मापाने मोजलेलं वळण, अधिक ६६.५ अंश. आम्ल किंवा विकराने (एन्झाइमने) तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज झाले की मिश्रण डावीकडे वळवतं, सुमारे उणे २० अंश. उलटली ती फक्त प्रकाश वळण्याची दिशा. रेणू उलटला नाही, तो तुटला, आणि परतही जुळत नाही. नाव पडलं ते उपकरणात दिसलेल्या गोष्टीवरून. ऊस तोडून ताटकळत राहिला की हेच आपोआप होतं, म्हणून शक्यतो २४ तासांच्या आत गाळप हवं; गुऱ्हाळावर शिळ्या उसाचा गूळ ढिला आणि चिकट होतो तो यामुळेच. नावावरून अर्थ लावणाऱ्याची फजिती कशी होते, हे याच उदाहरणावर दाखवा.

शब्दांबद्दल थोडं. गुणाकार व्यस्त, व्यस्त चलन, व्यत्यास हे पाठ्यपुस्तकातले शब्द जसेच्या तसे वापरा. ‘प्रतिलोम’ हिंदी पुस्तकांतून सरसकट उचलू नका. मराठी वाचकाला त्यावरून प्रतिलोम विवाह (वरच्या वर्णाची स्त्री आणि खालच्या वर्णाचा पुरुष यांचा) आठवतो आणि चर्चा भलतीकडे जाते. वीस मिनिटं असतील तर प्रत्येक गटातलं एकच उदाहरण घ्या आणि साखरेचं शेवटी.

प्रश्नोत्तरात कोणीतरी आरशाचं विचारणारच: आरसा डावं-उजवं उलटवतो, मग वर-खाली का नाही? तेव्हा पहिलाच प्रश्न लावा, काय उलटलं? उत्तरेकडच्या भिंतीवरच्या आरशासमोर उभं राहा. पूर्वेकडचा हात आरशातही पूर्वेलाच दिसतो, डोकं वरच, पाय खालीच. पालटते ती फक्त उत्तर-दक्षिण: तुमचं तोंड उत्तरेला, प्रतिमेचं दक्षिणेला. डावं-उजवं आपणच घालतो, कारण आपण मनातल्या मनात वळसा घेऊन त्या माणसाच्या जागी जाऊन उभे राहतो. पारदर्शक प्लास्टिकवर स्वतःचं नाव लिहा आणि आपल्याला सरळ वाचता येईल असं आरशासमोर धरा. आरशातही ते सरळच दिसेल. कागदावरचं नाव उलटं दिसतं, कारण ते आरशाला दाखवायला कागद तुम्ही फिरवलेला असतो.